कागदावरची करवत

३ जानेवारी

भिंगरीच्या मामांना नमस्कार.

आपली ओळख नाही. मी तुमच्या भाचीच्या वर्गाची, चौथीची बाई. 'भिंगरी' हे नाव तुम्ही ठेवलंत असं तिनंच सांगितलं, आणि आता वर्गातही तेच चालतं. पत्ता तिच्या आईकडून घेतला. त्या हसून म्हणाल्या, "लिहा खुशाल, पण दादाचं उत्तर वाचायला एक अख्खी दुपार मोकळी ठेवा."

कारण असं आहे. तुमच्या भाचीला नुसत्या आकड्यांची वीस गणितं घातली, वीसही बरोबर आली. मग शाब्दिक गणितं, म्हणजे गोष्टीसारखी लिहिलेली, दहा घातली. दोन बरोबर. आकडे तेच, मुलगी तीच. मी तिला जवळ घेऊन विचारलं, असं का होतं गं? तर म्हणाली, "मामाला विचारा." म्हणून विचारते आहे.

तिची तीन उत्तरं खाली देते.

२४० सेंमी लांबीच्या फळीचे ३० सेंमीचे किती तुकडे होतील? तिचं उत्तर: सात, आणि एक आखूड.

एका कपाटाला पाच फळ्या आहेत. प्रत्येक फळीवर बारा पुस्तकं मावतात. एकूण पुस्तकं किती? तिचं उत्तर: अठ्ठेचाळीस.

दोन रंगारी एक घर सहा दिवसांत रंगवतात, तर चार रंगारी किती दिवसांत रंगवतील? इथे उत्तर नाही, उलट मलाच प्रश्न आहे: "शिड्या किती आहेत?"

पाच मार्चला अशाच दहा गणितांची परीक्षा आहे. पाच बरोबर आली नाहीत, तर मुलाला पाचवीऐवजी वर्षभर उजळणीच्या वर्गात बसवतात. नियम माझा नाही, पण पाळावा मलाच लागतो. तो वर्ग तळमजल्यावर आहे आणि तिथे पहिलीची बाकं टाकलेली आहेत. भिंगरी तो बघून आली. वर येऊन मला म्हणाली, "बाई, तिथे मी गुडघे कुठे ठेवू?"

हाही प्रश्न तुमच्याकडेच पाठवते. उत्तर असेल तर कळवा.

चौथीची बाई


८ जानेवारी

बाईंना नमस्कार.

हे पत्र पेन्सिलीनं लिहितो आहे, राग नसावा. सुताराच्या खिशात पेन ठेवलं की आठ दिवसांत त्यात भुसा जातो. पेन्सिलीला भुशाचं वावडं नाही.

आधी माझ्याबद्दल दोन ओळी, म्हणजे कोण बोलतोय ते कळेल. आमच्या सात पिढ्यांत कुणी करवत धरली नव्हती. मी सातवीत शाळा सोडली आणि विसाव्या वर्षी हे काम शिकलो, तेही कुणाच्या हाताखाली नाही, दुसऱ्यांनी केलेली कपाटं मोडून बघून. रद्दीतून भूमितीची पुस्तकं आणून वाचली. एका पुस्तकातली आकृती चुकलेली होती, ती मी दुरुस्त केली. पुस्तक अजून आहे, हवं तर पाठवतो.

आता तुमची गणितं.

फळीचं. आठ तुकडे हे तुमचं उत्तर. या एकदा माझ्याकडे आणि कापून दाखवा. आठ तुकड्यांना सात काप लागतात. माझ्या करवतीचं पातं तीन मिलिमीटर जाड रेघ पाडतं, तेवढ्या लाकडाचा भुसा होतो. याला मी करवतीचा घास म्हणतो. सात घास म्हणजे २१ मिलिमीटर. तेव्हा आठवा तुकडा २७.९ सेंमीचा निघणार. पोरीनं लिहिलं, "सात, आणि एक आखूड." बाई, या उत्तराला चूक म्हणणाऱ्यानं करवत धरलेली नाही, एवढंच मी नम्रपणे सांगतो.

कपाटाचं. पाच फळ्यांमधली सगळ्यात वरची म्हणजे कपाटाचं छत. तिच्यावर पुस्तकं नाही, धूळ बसते. राहिले खण चार. बारा चोक अठ्ठेचाळीस.

रंगाऱ्यांचं. शिडी एकच असेल, तर दोघं रंगवणार आणि दोघं खाली उभे राहून त्यांना चुका दाखवणार. सहाचे सात दिवस होतील. मुलीनं विचारलेला प्रश्न मुकादमाच्या तोंडी शोभला असता.

हे सगळं तिनं गेल्या तीन सुट्ट्यांत माझ्या कारखान्यात पाहिलेलं आहे. म्हणून 'मामाला विचारा' म्हणाली. तेव्हा कच्ची आहेत ती गणितं, मुलगी नाही.

लोकांना नीट लिहिता येत नाही ही माझी जुनी तक्रार आहे. तीन वर्षांपूर्वी आमच्या वाचनालयाच्या ग्रंथपालांनी शेल्फ करायला सांगितलं. चिठ्ठीत मापं उलटीपालटी लिहिली. मी चिठ्ठीबरहुकूम १९५ सेंमीचं केलं, तर म्हणे हे झरोक्याखाली बसत नाही, आम्हाला लहान हवं होतं. ते शेल्फ परत आलं, आज माझ्याकडे रंगाचे डबे सांभाळत उभं आहे. भिंगरीला मी ते दाखवून सांगतो, बघ, एका माणसानं चुकीचं लिहिलं की दुसऱ्याचं लाकूड फुकट जातं.

गुडघ्यांबद्दल: पहिलीच्या बाकाची लिहायची फळी साधारण पंचावन्न सेंमी उंच असते. नऊ वर्षांच्या मुलीला ते बसणार नाही, आणि तिला तिथे बसावं लागणारही नाही.

भिंगरीचा मामा


१५ जानेवारी

मामांना नमस्कार.

दुपार मोकळी ठेवली होती, सार्थकी लागली. शिक्षकांच्या खोलीत मी तुमचं पत्र मोठ्यानं वाचलं. आमच्याकडे नुकताच रंग झालाय, त्यामुळे खाली उभे राहून चुका दाखवणारे दोघं सगळ्यांना ओळखू आले.

फळी तुमची, कपाट तुमचं. मान्य. आम्ही गणितात जे लिहीत नाही, तेही मुलांनी ओळखायचं असतं. फळ्या मोजायला दिल्यात म्हणजे सगळ्या पुस्तकांसाठीच आहेत, माणसं थकत नाहीत, शिड्या हव्या तेवढ्या. ज्याला कपाट ठाऊक नाही तो मुलगा पाच गुणिले बारा करून मोकळा होतो. ज्याला ठाऊक आहे तो अडतो. हे माझ्या वीस वर्षांत मला कुणी इतकं स्वच्छ दाखवलं नव्हतं.

पण आता हे बघा. यात लाकूड नाही.

"मोठीकडे १८ रिबिनी आहेत. त्या धाकटीकडच्या रिबिनींपेक्षा ५ने जास्त आहेत. तर धाकटीकडे किती?"

भिंगरीचं उत्तर: तेवीस.

इथे करवत नाही, शिडी नाही, मुकादम नाही. तिनं 'जास्त' वाचलं आणि मिळवून टाकलं. कोणाचं जास्त, ते बघितलंच नाही. अशी चार गणितं होती, चारही चुकली. तेव्हा मुलगी सगळीच बरोबर होती असं म्हणून चालणार नाही, मामा. परीक्षेला सात आठवडे आहेत.

ती माझं ऐकते, पण तुमचं खरं मानते. तुम्हीच तिला गणितं लिहून पाठवा ना, तुम्हाला योग्य वाटतील तशी.

चौथीची बाई


१९ जानेवारी

चिरंजीव भिंगरीस, उंच हो आणि गुडघे सांभाळ.

तुझ्या बाईंनी मला तुझ्यासाठी गणितं करायला सांगितली आहेत. बाई बऱ्या वाटतात, चूक मान्य करतात. मी खरं गणित करतो, ज्यात काही लपवलेलं नाही. नीट वाच.

एका सुताराकडे २४४ सेंमी लांबीची फळी आहे. तिच्या डाव्या टोकापासून ११ सेंमीवर एक गाठ आहे. गाठीच्या दोन्ही बाजूंचं दोन-दोन सेंमी लाकूड भरवशाचं नाही, म्हणून गाठीपर्यंतचं आणि तिच्यापुढचं ते लाकूड कापून टाकायचं आहे. करवतीचा घास तीन मिलिमीटर. प्रत्येक तुकड्याच्या दोन्ही टोकांवर रंधा मारायचा आहे, त्यात एका टोकाला अर्धा मिलिमीटर जातो. फळी पूर्ण वाळलेली आहे असं धर (एरवी हे कधी धरू नये). तर ३० सेंमीचे किती तुकडे मिळतील, आणि उरलेल्या तुकड्याचं काय करावं?

सावकाश कर. उत्तर पाठव, म्हणजे दुसरं पाठवतो. ते दाराचं आहे, थोडं मोठं आहे.

मामा


२५ जानेवारी

प्रिय मामा,

तुझं गणित मी चार वेळा वाचलं. गाठीपर्यंत आले की करवत विसरते आणि रंध्यापर्यंत आले की गाठ विसरते. आई म्हणाली, हे गणित नाही, हा दादा आहे. मग मी शेवटचा प्रश्न सोडवला. उरलेल्या तुकड्याचा बाहुलीचा पलंग करावा. बरोबर आहे का?

बाईंनी मला विचारलं की रिबिनीच्या गणितात बेरीज का केलीस. मी सांगितलं की मामानं तशीच केली होती. तू मला ग्रंथपालांची चिठ्ठी वाचून दाखवली होतीस ना, कारखान्यातल्या तारेला टोचून ठेवलेली. त्यात पण तसंच होतं. एक शेल्फ १८० आणि ते १५ने जास्त. तू १९५ केलंस. म्हणून मी १८ आणि ५ तेवीस केले. जास्त आलं की मिळवायचं. तू मापात कधी चुकत नाहीस, तूच सांगतोस.

बाई फक्त "बरं" म्हणाल्या आणि खिडकीतून बाहेर बघत बसल्या. त्या हसत होत्या का ते मला दिसलं नाही.

दाराचं गणित नको पाठवू. थोडं लहान पाठव.

तुझी भिंगरी


१० फेब्रुवारी

मामांना नमस्कार.

दोन आठवडे झाले, तुमच्या चार ओळीही नाहीत. भिंगरी रोज विचारते, "मामाचं पत्र आलं का?" काल म्हणाली, "मी दाराचं गणित नको म्हणाले म्हणून मामा रुसला." रुसला असाल तर माझ्यावर रुसा. परीक्षेला तेवीस दिवस राहिले. हे मात्र खरोखरच तेवीस आहेत.

चौथीची बाई


१४ फेब्रुवारी

बाईंना नमस्कार.

रुसलो नव्हतो. तोंड लपवून बसलो होतो. या दोन्हींत फरक आहे, आणि तो मला या तीन आठवड्यांत चांगला कळला.

भिंगरीचं पत्र आलं त्या दिवशी मी तारेतून ती चिठ्ठी काढली. तीन वर्षांच्या चिठ्ठ्या उपसाव्या लागल्या. जशी आहे तशी उतरवून देतो:

"आमचं जुनं शेल्फ १८० सेंमी उंच आहे. आम्हाला हव्या असलेल्या नव्या शेल्फपेक्षा ते १५ सेंमीने जास्त आहे. तरी नवं लवकर करून द्यावं."

मी हे उभ्यानं वाचलं, मग बसून वाचलं. मग स्टुलावरून उठून रंगाच्या डब्यांच्या शेल्फसमोर उभं राहून वाचलं. जास्त आहे ते जुनं. नवं हवं होतं १६५. बाई, त्या ग्रंथपालांनी काहीही उलटं लिहिलेलं नव्हतं. सरळ, स्वच्छ, दोन वाक्यांत लिहिलं होतं. मी १८० वाचलं, १५ वाचलं, 'जास्त' वाचलं आणि करवत उचलली. तीन वर्षं त्या बाईंना गावभर नावं ठेवली. वाचनालयाचं कार्डही परत केलं होतं, तावातावानं. नाचता येईना अंगण वाकडं, ही म्हण मी इतरांना किती वेळा ऐकवली असेल, मोजदाद नाही.

आणि वर पोरीला ते शेल्फ दाखवून धडा दिला. तिनं तो बरोबर गिरवला. तुमच्या चार गणितांतल्या चारही चुका माझ्या हातच्या आहेत. पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, मुलगी कच्ची नाही. ते वाक्य तेवढं राहू द्या, बाकीचं पत्र परत केलंत तरी चालेल.

मी विचार करत होतो तो असा. मी इतकी वर्षं काम करतो, तर रोज का चुकत नाही? चुकत नाही, कारण रोज मी आधी कागदावर काढतो. दोन फळ्या असल्या तर दोन लांब चौकटी, एकीखाली एक, डावी टोकं जुळवून. कुठली लांब, कुठली आखूड ते आधी ठरतं, आकडे नंतर पडतात. त्या दिवशी गिऱ्हाईक दारात उभं होतं, दोनच तर आकडे होते, म्हटलं याला कागद कशाला? सोपं वाटलं म्हणून चुकलो.

दुसरी गोष्ट. माझ्या कागदावरच्या रेघेला जाडी नसते. कागदावर २४० ची फळी मी आठ तुकड्यांत बिनधास्त वाटतो. करवतीचा घास मी नंतर धरतो, लाकूड आणायला जाताना. म्हणजे तुमचं आठ हे उत्तर मीही रोज काढतो, बाई. फक्त कागदावर. हे मला कबूल करायला एकोणीस दिवस लागले. तुमचं गणित कच्चं नव्हतं. ते कागदाचं होतं, एवढंच.

(गाठीच्या फळीचं उत्तर सात तुकडे, आणि पहिला घास टाकाऊ बाजूला धरला तर १८.२ सेंमी उरतात. बाहुलीला पलंग पुरेल.)

सोबत भिंगरीला वेगळं पत्र आहे. तिला ते वर्गात वाचू द्या. माझी चूक चारचौघांत वाचली गेली तर बिघडत नाही. चारचौघांतच मी बढाई मारली होती.

भिंगरीचा मामा


१४ फेब्रुवारी

चिरंजीव भिंगरीस आशीर्वाद.

पलंग बरोबर आहे.

आता महत्त्वाचं. ते १९५चं शेल्फ चुकलेलं आहे, आणि ते ग्रंथपालांनी नाही, मी चुकवलं. चिठ्ठी घाईत वाचली. मामा मापात चुकत नाही, हे खरं आहे. पण वाचण्यात चुकला, आणि चुकीचं माप अगदी अचूक कापलं. तेव्हा यापुढे मामानं सांगितलं म्हणून काही खरं मानायचं नाही. काढून बघायचं.

कसं काढायचं ते सांगतो. हे माझं रोजचं काम आहे, नवीन काही नाही.

गणित वाचलंस की पेन्सिल उचल, पण आकडा लिहू नकोस. आधी दोन पट्ट्या काढ, एकीखाली एक, डावी टोकं जुळवून. रिबिनीचं बघ. वरची पट्टी मोठीची, खालची धाकटीची. आता स्वतःलाच विचार, लांब कुणाची? गणितात जे लिहिलंय ते बोट ठेवून वाच. मोठीची लांब. मग तशीच काढ. जेवढी बाहेर आली, तेवढे ते पाच. आता आकडे घाल आणि मला सांग, खालची पट्टी अठरापेक्षा लांब होईल कशी?

आणि फळीचं. तुला माझ्याकडची करवत आठवते, ते चांगलंच आहे. ती विसरायची नाही. पण करवती दोन असतात. एक लाकडावरची, ती घास घेते. एक कागदावरची, तिला दात नसतात, ती उपाशीपोटी काम करते. परीक्षेचा कागद हा कागदच आहे. तिथे कागदावरचीच वापर. सुट्टीत आलीस की दुसरी आहेच.

कपाटाच्या फळ्यांबद्दल मी अजून तुझ्याच बाजूनं आहे. पण बाईंनी "प्रत्येक फळीवर" लिहिलं असेल, तर छतावरही ठेव पुस्तकं. धूळ मी पुसेन.

मामा


१२ मार्च

प्रिय मामा,

दहापैकी आठ!!

आई तीन वेळा 'खरंच?' म्हणाली. बाईंनी कागद दाखवला तेव्हा तिनं माझ्याकडे नाही, बाईंकडे बघून विचारलं.

फळीचं गणित आलं होतं. ३६० सेंमीची फळी, ४० सेंमीचे तुकडे. मी लिहिलं, "नऊ (कागदावर)". बाईंनी कंसाखाली बारीक टिंब काढलंय, पण गुण पूर्ण दिलाय. रंगाऱ्यांचं पण होतं. मी लिहिलं, "तीन दिवस, पण दुसरी शिडी आणा."

'जास्त'ची तीन होती. तिन्ही पट्ट्या काढून केली. एकात 'कमी' होतं आणि तरी मिळवायचं होतं! आधी मला खरंच वाटेना. मग पट्टी बघितली तर तसंच होतं.

एक चुकलं. आणि एक राहिलंच, कारण माझी खालची पट्टी जरा तिरकी आली होती. मी ती खोडली आणि पट्टी धरून परत काढली, ती पण थोडी तिरकी आली, परत खोडली. तेवढ्यात घंटा झाली. बाई म्हणाल्या, हे वळण कुणाचं आहे ते मला माहीत आहे.

मी पाचवीत गेले. पाचवीची बाकं वरच्या मजल्यावर आहेत. बसून बघितलं. गुडघे बसतात.

सुट्टी लागली की लगेच येते.

तुझी भिंगरी


२० मार्च

बाईंना नमस्कार.

तिरक्या पट्टीची बातमी कळली. वाईट वाटायला हवं होतं. खरं सांगतो, वाटलं नाही. पण पुढच्या परीक्षेला रेघ तिरकी चालते, असं तिला मी लिहून कळवलं आहे. ते वाक्य लिहिताना हात जड झाला.

तुम्हाला एक कामाची बातमी द्यायची आहे. मी शेल्फवरचे रंगाचे डबे उतरवले. १६५ वर खूण केली आणि खालून कापलं. घास टाकाऊ बाजूला धरला, तेव्हा शेल्फ नेमकं १६५ राहिलं आणि पायांचे उरलेले तुकडे २९.७ भरले. त्यातल्या एकाला रंधा मारून भिंगरीसाठी पट्टी केली. तिच्यावर खिळ्यानं कोरलं आहे: 'कागदावर तीस'. तुमच्या वर्गासाठीही एक केली आहे, सोबत पाठवतो. कुणी विचारलंच, हिचे तीन मिलिमीटर कुठे गेले, तर त्याला जागेवर बसवू नका. त्याला बोलू द्या.

मग काल हातगाडीवर शेल्फ घालून वाचनालयात गेलो. ग्रंथपाल टेबलाशी होत्या. त्यांनी मला पाहिलं, शेल्फला पाहिलं, खणातून टेप काढली आणि मोजायला लागल्या. एरवी माझ्या कामाला कुणी टेप लावली तर मला खपत नाही. काल मी टेपचं दुसरं टोक धरलं.

"एकशे पासष्ट," त्या म्हणाल्या.

"हो."

आम्ही दोघांनी ते उचलून झरोक्याखाली लावलं. वर दोन बोटं जागा राहिली, उजेड नीट आत आला. त्यांनी हात झटकले, माझं जुनं कार्ड खणातून काढून माझ्यापुढे ठेवलं. तीन वर्षं ते त्यांनी फेकलं नव्हतं.

"दोन ओळींची तर चिठ्ठी होती," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं लागली तुम्हाला?"

मी म्हटलं, "गणित अवघड होतं."

भिंगरीचा मामा